अमोलिकभाऊंच्या दुःखाची तपासणी

चहा घ्या आधी. गरम आहे तोवर घ्या, कारण नंतर तुम्ही हसायला लागाल, चहा अंगावर सांडेल आणि माझ्या नावाने बोटं मोडाल! घोटाळे माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ झाले. पण बाकीचे सगळे अडाणीपणाने झाले हो. हा एकच असा, जो मी रीतसर शिकून केला. सहा शनिवार वर्गात बसून, वहीत मुद्दे उतरवून घेऊन केला.

मी साळवे. मूळचा नगर जिल्ह्यातला. भोपाळच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली, तपासणी खात्यात. म्हणजे काय, तर दुसऱ्याने घाम गाळून बनवलेल्या मालात खोट काढायची आणि पहिल्या तारखेला पगार घ्यायचा. रिटायर झाल्यावर टाउनशिपचं क्वार्टर सोडलं आणि भिंतीपलीकडे, सोनागिरीत, तीन खोल्यांचं घर बांधलं. गच्चीवरून अजून टाउनशिपची झाडं दिसतात. कारखान्याचा भोंगाही ऐकू येतो. संध्याकाळचा भोंगा झाला की माझी बायको सुशीला पोळ्यांची कणीक मळायला घ्यायची. आता भोंगा झाला की मी उगीचच स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो.

आमच्या सुशीलेची एक निळी कापडी पिशवी होती. आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाकडे काही झालं, म्हणजे आजारपण, मयत, कुणाचा पोरगा नापास, कुणाचा नवरा रुसला, की ही पिशवी उचलायची आणि निघायची. पिशवीत काय? नवा करार, बामची डबी, बिस्किटांचा पुडा आणि धुऊन चौघडी घातलेला एक रुमाल. बस्स! दोन-दोन तासांनी परत यायची. मी विचारायचो, "काय बोललीस एवढा वेळ?"

"काही नाही. बसले."

मला वाटायचं, ही लपवतेय. दोन तास माणूस नुसता बसतो का कुठे? मी तर दहा मिनिटांत तीन सल्ले देऊन मोकळा झालो असतो.

ती जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पिशवी दारामागच्या खिळ्याला तशीच होती. रविवारी उपासनेला गेलो की मी पाहायचो, ज्याच्या घरी काही अडचण असेल तो माणूस सवयीने खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाकडे वळायचा. तिथे सुशीला नसायची, मी असायचो. मग तो माणूस मला "सलाम साळवेसाहेब" म्हणून पुढे जायचा. हे मला फार लागलं. रडू आलं नाही, पण लागलं.

त्यामुळे आमच्या पास्टरनी जेव्हा वेदीवरून जाहीर केलं की, कठीण काळातून जाणाऱ्या लोकांना आधार कसा द्यायचा याचं शिक्षण मंडळीतल्या लोकांना देणार आहोत, तेव्हा त्यांचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर! मला दुसरं काही नको होतं. ती पिशवी खिळ्यावरून काढायची आणि तिच्या जागी मी जायचं, एवढंच हवं होतं.

पास्टर म्हणजे जबलपूरकडचा तरुण माणूस. चाळिशीही नाही. बोलणं सगळं हिंदीत, आवाज मऊ. पहिल्याच शनिवारी त्यांनी नियमांचा कागद वाटला. सल्ला द्यायचा नाही. "देवाची इच्छा" म्हणायचं नाही. "आमच्याकडेही अगदी असंच झालं होतं" हे तर अजिबात म्हणायचं नाही. मध्येच शांतता पसरली तर ती भरायला जायचं नाही, समोरचा बोलेपर्यंत थांबायचं. त्याने काही म्हटलं तर त्याचंच वाक्य हळुवारपणे त्याला परत द्यायचं, म्हणजे त्याला कळतं की आपण ऐकतोय. आणि सर्वांत महत्त्वाचं, "मला तुमच्या दुःखासाठी पाठवलंय" असं सांगायचं नाही. सहज आल्यासारखं जायचं.

मी हात वर केला. "पास्टर, सल्ला द्यायचा नाही, आपलं सांगायचं नाही, मग करायचं काय?"

"बैठना है, अंकलजी."

म्हणजे सुशीला खरंच बसत होती!

आता माझी एक खोड तुम्हाला सांगून ठेवतो, पुढे लागेल. मी कुठलाही कागद मधूनच वाचतो. वर काय लिहिलंय ते बघत नाही. कारखान्यात रोज तेच ते फॉर्म, वरचं बघायची गरजच नव्हती ना! घरीसुद्धा तेच. एकदा डब्यावर सुशीलेने ठसठशीत अक्षरात "मीठ" लिहिलेलं असताना मी पाहुण्यांच्या सरबतात त्यातलं चार चमचे घातलं होतं. ती नेहमी म्हणायची, "आधी वर काय लिहिलंय ते वाचा हो!"

दुसरी गोष्ट. वर्गातल्या चहाची व्यवस्था मी आपणहून अंगावर घेतली होती. सुशीला करायची, म्हणून. चौथ्या शनिवारी पास्टर काहीतरी महत्त्वाचं सांगत होते, तेव्हा मी मागच्या खोलीत किटली फडक्यात गुंडाळत होतो. परत आलो तर सगळे माझ्याकडे बघून एकदम गप्प. मला वाटलं, चहाची वाट बघतायत.

झालं! सहावा शनिवार संपला आणि हॉलमधल्या फळ्यावर भेटींची यादी लागली. मी गर्दीतून मान घालून माझं नाव शोधलं. डावीकडे लिहिलं होतं "अमोलिक". त्याच ओळीत उजवीकडे "साळवे". पुढे "शनिवार, चार वाजता, चार आठवडे".

चौतीस वर्षं मी तपासणीचं रजिस्टर भरलंय. डावीकडे माल, उजवीकडे इन्स्पेक्टर. जगात दुसरी पद्धत असू शकते हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. यादीच्या वर काहीतरी लिहिलेलं होतं खरं. पण वर कोण बघतं?

अमोलिक! मी ती ओळ पुन्हा वाचली. अमोलिकभाऊ म्हणजे आमचे अठरा वर्षांचे शेजारी. टाउनशिपमध्ये आमची क्वार्टरं एकाच भिंतीची. ते क्रेन चालवायचे. सुशीलेच्या माहेरगावचे, म्हणून तिला ताई म्हणायचे आणि मला दाजी. बोलायला असे की, क्रेनवर उंच बसून खालच्या माणसाला भाजीचा भाव विचारायचे. या माणसाला कसलं दुःख? आणि मला पत्ता नाही? मुलीचं काही? मार्थावहिनींशी बिनसलं? तब्येत?

शनिवार उजाडला. पावणेचारला मी खिळ्यावरून पिशवी काढली. रुमाल मी स्वतः धुऊन इस्त्री करून ठेवला होता. वर चार पेरू टाकले. सुशीला जशी दारात क्षणभर थांबायची तसा थांबलो आणि बाहेर पडलो.

फाटक उघडतो तो पलीकडून अमोलिकभाऊच कडीला हात लावून उभे!

"कुठं निघालात दाजी?"

"तुमच्याकडेच, भाऊ."

"बघा! मी पण तुमच्याकडेच आलो. असंच, सहज."

त्यांच्याही हातात पेरू. माझ्या मनात आलं, बिचारा! दुःख इतकं अनावर झालंय की चार वाजेपर्यंतसुद्धा दम निघाला नाही. स्वतःच चालत आला.

आत आणलं. खुर्चीत बसवलं. समोर मी बसलो. नियमाप्रमाणे थोडं पुढे झुकून, हात मांडीवर, चेहरा मऊ. आणि काय सांगू, भाऊसुद्धा पुढे झुकले, हात मांडीवर, चेहरा मऊ!

मी थांबलो. ते थांबले. घड्याळाची टिकटिक. मी मनात म्हटलं, शांतता भरायची नाही. पाच मिनिटं. दहा मिनिटं. ज्या माणसाने अठरा वर्षांत मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही, तो तोंडातून एक अक्षर काढीना! हे प्रकरण साधं नाही.

वीस मिनिटांनी भाऊ खाकरले. "गारठा वाढलाय."

आलं! वाक्य आलं! मी ते हळुवारपणे परत दिलं. "तुम्हाला गारठा वाढल्यासारखा वाटतोय."

भाऊंनी समजुतीने मान डोलावली. "म्हणजे गारठ्याबद्दल तुम्हाला काहीतरी वाटतंय."

"गारठ्याबद्दल मला काहीतरी वाटतंय, असं तुम्हाला वाटतंय."

"हं. आणि ते तुम्हाला कसं वाटतंय, दाजी?"

"ते मला कसं वाटतंय, हे विचारावंसं तुम्हाला वाटतंय."

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तांब्यातून पेलाभर पाणी ओतलं आणि माझ्यापुढे धरलं. मी प्यालो. पुन्हा ओतलं, पुन्हा माझ्यापुढे धरलं. चार पेले पाणी पाजलं हो मला त्या माणसाने! मला वाटलं, बिचाऱ्याला भ्रम झाला.

आता तुम्ही म्हणाल, साळवे, तेव्हाच कसं लक्षात आलं नाही? अहो, दुःखात माणूस वेडंवाकडं बोलतो हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं! आणि भाऊ कुठल्याही वर्गात आहेत हे मला ठाऊक नव्हतं. गुरुवारी दुसरी एक तुकडी बसायची. तिच्यात कोण येतं याची मी कधी चौकशी केली नव्हती.

जाताना भाऊंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "मी परत येईन." मीही म्हणालो, "मी वाट बघेन." फाटकाशी दोघे वेगळे झालो.

दुसऱ्या आठवड्यात पिपलानीच्या बाजारात मार्थावहिनी भेटल्या. मेथीची जुडी निवडत होत्या. मला राहवलं नाही.

"वहिनी, भाऊ जेवतात ना नीट?"

"जेवतात की. का हो दाजी?"

आता नियम होता की, भेटीतलं बाहेर सांगायचं नाही. मी म्हटलं, "मी काही बोलू शकत नाही."

वहिनींच्या हातातली मेथी खाली. "म्हणजे? डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलंय का?"

"वहिनी, मी खरंच काही बोलू शकत नाही. फक्त त्यांना एकटं सोडू नका."

आता सांगा, याहून वाईट मी दुसरं काय बोलू शकलो असतो? दोन दिवसांत नागपूरहून मुलगी आली. भाऊंना धरून दवाखान्यात नेलं. छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं ठणठणीत निघालं. तर मार्थावहिनी आणखीनच घाबरल्या, की डॉक्टर आपल्यापासून लपवतायत!

इकडे माझ्या घरी निराळंच. पुण्याहून आमचा विजय आठवड्यातून एकदा फोन करणारा मुलगा. तो दिवसातून तीनदा करायला लागला.

"बाबा, बोला ना. काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"तुम्ही एकदम गप्प झालात म्हणे."

"कोण म्हणालं?"

"ते मी सांगू शकत नाही. त्यांनी शपथ घातलीय."

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी म्हटलं, पुण्याची हवाच तशी, तिथे माणूस उगीच काळजी करतो.

दुसरा शनिवार तसाच. तिसरा तसाच. तोपर्यंत पेरूंचा ढीग झाला, कारण ते आणायचे आणि मीही आणायचो. अमोलिकभाऊ दिवसेंदिवस हडकायला लागले होते, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे त्यांना मुलीने पथ्यावर ठेवलं होतं, बिचाऱ्यांना समोसा बंद, जिलेबी बंद. आणि ते माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, की मीच आता आठवड्याचा सोबती आहे.

चौथा आणि शेवटचा शनिवार आला. मला झोप नाही. सुशीलेची पिशवी घेऊन निघालो आणि हाती काय लागलं? चार पेले पाणी! तिच्या जागेवर बसायची आपली लायकी नाही, हे मला कळून चुकलं होतं. तेवढ्यात नियमांच्या कागदावर एक ओळ दिसली. बोलत नसलेल्या माणसाला त्याच्या जुन्या, आवडत्या जागी घेऊन जा.

भाऊ आल्याबरोबर मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "भाऊ, जरा टाउनशिपमध्ये फिरून येऊ."

ते चपापले. "मी अगदी हेच म्हणणार होतो."

कुठे जायचं ते कुणीच बोललं नाही. पाय आपोआप आमच्या जुन्या ओळीकडे वळले. ती सगळी ओळ आता रिकामी पडलीय. खिडक्यांच्या चौकटी कुणी काढून नेल्यात, अंगणात गुडघाभर गवत. सुशीलेने लावलेला कढीपत्ता मात्र छपराच्या वर गेलाय. एवढा मोठा कढीपत्ता मी कुठे पाहिला नव्हता. शेजारच्या चारही घरांच्या फोडणीला पुरायचा तो. आता वास घ्यायलाही कुणी नव्हतं.

दारं नव्हतीच, तेव्हा आत गेलो. आमचं स्वयंपाकघर. तीच ती भिंत, पलीकडे भाऊंचं स्वयंपाकघर. या भिंतीवर सुशीला लाटणं वाजवायची. दोनदा वाजवलं म्हणजे, मार्था, कणीक उरली असेल तर दे. तीनदा म्हणजे, ये, चहा टाकलाय. नाताळात तर दिवसभर वाजायचं, इकडे करंज्या, तिकडे चकल्या, आणि आम्ही दोघे बाहेर ढोलकी घेऊन गाण्याच्या फेरीची तयारी करतोय. गाणी म्हणत रात्री सगळी टाउनशिप पालथी घालायचो. मल्याळी, बंगाली, पंजाबी, सगळे दारात यायचे आणि सुशीलेच्या करंज्या मागायचे.

भाऊ भिंतीजवळ गेले. बोटाच्या पेरांनी टकटक केलं. एकदा, दोनदा, तीनदा.

आणि मी म्हणालो, "चहा टाकलाय."

बस्स. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. सल्ला नाही, स्वतःचं सांगणं नाही! पण माझं तोंड सुटलं ते सुटलंच. म्हटलं, भाऊ, मला तिची फार आठवण येते. सकाळी दोन कप काढतो अजून, एक परत ठेवतो. विजय म्हणतो पुण्याला या, पण तिथे हा भोंगा कुठे ऐकू येणार? आणि मग जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, विजयलासुद्धा नाही, ते आलं.

"शेवटच्या दुपारी दवाखान्यात ती मला म्हणाली, बसा ना जरा. एवढंच म्हणाली, भाऊ. मी म्हटलं, आलोच, डॉक्टरांना रिपोर्टचं विचारतो. मग औषधाच्या दुकानात गेलो. मग कुणीतरी म्हणालं अमुक डॉक्टरांना दाखवा, त्यांच्यामागे पळालो. परत आलो तर… आयुष्यभर ती लोकांकडे जाऊन नुसती बसली. तिने एकदा म्हटलं, बसा. आणि मला बसता आलं नाही."

मी त्या मोडक्या ओट्याला टेकून रडलो. दीड वर्षाचं रडणं होतं ते, सावकाश थोडंच येणार? पिशवीतला रुमाल अमोलिकभाऊंसाठी आणला होता. तो मी काढला, उलगडला आणि मीच पुरता भिजवला. भाऊ शेजारी जमिनीवर बसून होते. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लाल. उन्हं कलेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

घरी आल्यावर भानावर आलो आणि शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय केलं मी हे? ज्याच्या दुःखाला आधार द्यायला गेलो, त्याच्यासमोर तासभर स्वतःचंच रडगाणं! रुमालही मीच वापरला!

दुसऱ्या दिवशी उपासना संपल्यावर पास्टरना गाठलं. एका हातात पिशवी, खांद्यावर किटलीचं फडकं.

"पास्टर, माझं नाव काढून टाका. मी नापास झालो. अमोलिकभाऊ चार आठवडे तोंड उघडत नव्हते आणि काल मीच बोलत बसलो. सगळे नियम मोडले."

पास्टर माझ्याकडे बघतच राहिले. "अंकलजी, आप… अमोलिक अंकल के पास गए थे?"

"यादीत होतं ना!"

त्यांनी मला फळ्याजवळ नेलं. यादी अजून तिथेच होती. त्यांनी बोट ठेवलं ते माझ्या नावावर नाही, अगदी वर ठेवलं. मी चष्मा चढवला. डावीकडे लिहिलं होतं "भेट देणारे". उजवीकडे "ज्यांना भेटायचं आहे ते".

उजवीकडे मी.

"चौथे शनिवार को बताया था, अंकलजी. जिनके घर में दो साल के अंदर कोई गुज़रा है, वे सीखेंगे ज़रूर, पर अभी विज़िट पर नहीं जाएँगे. उनके पास कोई जाएगा. आप तब चाय में थे."

मी तिथल्या तिथे खुर्चीत बसलो. मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना मी वर्गात किटली फिरवून चहा देत होतो, त्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हा साळवे स्वतःच यादीत आहे! आणि अमोलिकभाऊंना? त्यांना म्हणे वाटत होतं की, मी शनिवारी वर्गाला जातो तो फक्त चहा करायला.

पास्टरनी फाइलमधून एक कागद काढून माझ्या हातात दिला. "आपका ही है, पढ़ लीजिए." भाऊंनी दिलेला अहवाल. गिचमिड अक्षर. "चार आठवडे गप्प होते. काल बोलले. मी एकपण सल्ला दिला नाही. जीभ चावून चावून तोंड आलं आहे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग पास्टर, मी पास की नापास?"

पास्टर हसले. "माल भी कभी ऐसा पूछता है क्या, अंकलजी?"

बाहेर चहाच्या टेबलापाशी अमोलिकभाऊ उभे होते. पास्टरशी माझं काय बोलणं झालं हे त्यांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. मला वाटलं, आता हा माणूस चार आठवड्यांचं साठलेलं सगळं बाहेर काढणार. गुडघ्याचं तेल, पुण्याला जावं की न जावं, पेरूने होणारा खोकला. मी तयारीत उभा राहिलो.

पण भाऊ हळूच म्हणाले, "दाजी, एक सांगू? आता नियम संपले ना?"

"सांगा."

"ताई गेली तेव्हा सगळे तुम्हाला भेटून गेले. बरोबर आहे ते. नवऱ्यालाच भेटणार. मी मंडपात खुर्च्या लावत होतो. मला कुणी विचारलं नाही. सख्खा नव्हतो ना मी. पण या परक्या गावात माझ्या माहेराकडचं… म्हणजे माझ्या गावचं तेवढं एकच माणूस होतं हो. काल ती भिंत वाजवली आणि ताईचा आवाज काही आला नाही."

इतकी वर्षं हा माणूस मला दाजी म्हणत होता. ती हाक सुशीलेवरून आलीय, हे मी पार विसरून गेलो होतो. मला ती माझीच वाटत होती. म्हणजे यादी उलटी वाचली खरी, पण दुःख होतं बरं का डावीकडेही! तपासणी खात्यातला माणूस चार शनिवार त्याच्यासमोर बसला आणि त्याला ते दिसलं नाही.

भाऊ रडायला लागले. तोंडावर हात धरून, एवढा मोठा माणूस, खांदे हलवत.

मी "देवाची इच्छा" म्हणालो नाही. त्यांचं वाक्य परत दिलं नाही. त्यांच्याशेजारच्या बाकावर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा, कुठेही न पळता, नुसता बसलो. मनात म्हटलं, सुशीले, बघ, बसलोय.

मग हळूच पिशवीत हात घातला. रुमाल द्यायला हवा ना!

रुमाल कालचाच होता. मीच वापरलेला. चुरगळून, वाळून टणक झालेला.

चौतीस वर्षं लोकांच्या मालात खोट काढली हो मी, आणि स्वतःच्या पहिल्या खऱ्या भेटीला हे सामान घेऊन आलो! इकडेतिकडे पाहिलं. भाऊ हात पुढे करून वाट बघत होते. शेवटी खांद्यावरचं किटलीचं फडकं काढलं आणि तेच त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि फडकं ओठांना लागताच थबकले.

"दाजी," ते म्हणाले, "तुम्ही चहात अजून मीठच घालता का?"